कोंडा खाल्लेला टँकर

“थांबव रं! थांबव! खाली कोनतरी कांडतंय!”

बाय माझ्या शेजारी केबिनमध्ये बसली होती, मांडीवर लेकीच्या लग्नाचं गाठोडं घेऊन, आणि ओरडत होती ती थेट माझ्या डाव्या कानात. त्या कानाला पुढे चार दिवस फक्त शिट्ट्या ऐकू येत होत्या. वाडीवरच्या माणसांचे आवाज मुळात डोंगरासाठी घडवलेले असतात, टँकरच्या केबिनसाठी नव्हे.

मी ब्रेकवर उभा राहिलो. उभा म्हणजे खरंच उभा. बूड सीटवरून उठलेलं आणि डोकं वरच्या पत्र्याला टेकलेलं. टँकर थांबला. पाठीवर पाच हजार लिटर पाणी, नाक आभाळाकडे, आणि मागे नुकतंच पार केलेलं पहिलं वळण, जिथे कठडा म्हणून एक सागाचं झाड तेवढं उभं आहे.

“माणूस नाही गं,” मी म्हणालो. “चाकाखालचा दगड उडाला असेल.”

“दगूड येकदा उडंल. ह्यो मोजून उडतोय.”

हे खरं होतं. चढ लागल्यापासून गाडीच्या पोटात कट् होत होतं, मग दोन श्वास काही नाही, मग पुन्हा कट्. मुसळ उखळात पडावं तसं, अगदी तालात. मला ते तिच्या आधीपासून ऐकू येत होतं. मी मोठमोठ्याने बोलून ते झाकत होतो, आणि मला मोठमोठ्याने बोलायला कारण लागत नाही, त्यामुळे तिला संशय यायला जरा वेळ लागला इतकंच.

मी काही सांगायच्या आत ती उतरली, रस्त्याकडेचे दोन धोंडे उचलून मागच्या चाकांच्या बुडाशी सरकवले आणि म्हणाली, “आता सोड पाय.” हे काम खरं क्लीनरचं. माझा क्लीनर त्या दिवशी स्वतःच्याच साखरपुड्याला गेला होता.

मे महिना, दुपारचे तीन वाजायला आलेले. वर अजून दोन वळणं आणि त्यांच्यावर वाडी.

हे पाणी कशाचं, ते सांगितलं पाहिजे. तिच्या वाडीची विहीर होळीलाच आटली होती. बाया रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा डोंगर उतरून एका झऱ्यापाशी बसायच्या आणि वाटीवाटीने हंडा भरून वर न्यायच्या. सरकारी टँकर यायचा, पण त्याच्या पाळीप्रमाणे, आणि त्याची पाळी होती लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. तिच्या धाकट्या लेकीचं लग्न. ही बाय कितीतरी वर्षं माझ्या शेतावर लावणीला येते. माझ्या बढाया तिने चिखलात उभं राहून ऐकलेल्या आहेत आणि त्यातल्या एकीवरही मान वर केलेली नाही. ती माझ्या अंगणात आली, ओट्यावर बसलीसुद्धा नाही.

“दादा, लग्नाच्या दोन दिसांत वाडीतल्या येका बी बाईच्या डोक्यावर हंडा नको. तेवढं कर. माज्या लग्नात मी हळदीच्या अंगानं पान्याला गेलते.”

वाडीवरची माणसं सगळ्यांना अरे-तुरे करतात. कलेक्टर आला तरी त्याला “बस रं दादा” म्हणून घोंगडी टाकतील. त्यामुळे ते “कर” मला हुकूम वाटलं नाही, विनंतीही वाटली नाही. काम सांगितल्यासारखं वाटलं.

आता साधा माणूस “बरं” म्हणाला असता. मी म्हणालो, “टँकर काय घेऊन बसलीस? मोरब्याच्या धरणाला टायर लावतो आणि वाडीत आणून उभं करतो.”

“धरान नको,” ती म्हणाली. “टँकर आन.”

आणि मी रस्त्यात कुठे बोलत बसू नये म्हणून लग्नाचा बाजार कर्जतला करून ती नदीवर, मी टँकर भरत होतो तिथे, येऊन केबिनमध्ये बसली होती.

आता त्या आवाजाचा इतिहास. तो माझ्या हुशारीचा इतिहास आहे, म्हणून जरा हळू सांगतो.

ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध कलिंगडाएवढा एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातून त्या गोळ्यात येते. आत दोन दातेरी चक्रं, छोटं ते पिनियन, मोठं ते क्राऊन. छोटं मोठ्याला फिरवतं, मोठं चाकांना फिरवतं. त्यांचे दात एकमेकांत नीट बसले आहेत तोवर तुम्ही राजे. एक दात उडाला की तुम्ही कोण, हे रस्ता ठरवतो.

दोन महिन्यांपूर्वी माझा टँकर मागून रडायला लागला होता. रडणं असं, की मी कर्जतला गिअर टाकला की माथेरानची माकडं कानांवर हात ठेवायची. मला कळत होतं की दात झिजलेत, कडा तुटल्यात. शहाण्याने काय करावं? गाडी उभी करावी, गोळा उघडावा, जोडी बदलावी. मी ठरवलं, टँकरच विकून टाकू. खोपोलीचं एक गिऱ्हाईक बघायला येणार होतं. जुन्या गाड्यांच्या धंद्यात रडणाऱ्या गोळ्यात लाकडाचा भुसा घालायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. तेल घट्ट होतं, आवाज दबतो, गिऱ्हाईक जाईपर्यंत निभावतं. पण मी भाताच्या मुलखातला माणूस. मी गिरणीतून भाताचा कोंडा आणला. बायकोच्या पिठाच्या चाळणीने तो दोनदा चाळला, तेलात कालवला आणि गोळ्याला पाजला.

टँकर मांजरीसारखा चालायला लागला. इतका गुपचूप, की आमच्या आळीतली कुत्री त्याला ओळखेनात.

गिऱ्हाईक आलं, बसलं, एक फेरी मारली, मान डोलावली आणि परत गेलं. कारण काय, तर त्याचं पोट सीट आणि स्टिअरिंगच्या मध्ये मावेना. श्वास सोडला की हॉर्न वाजायचा.

गिऱ्हाईक गेलं, कोंडा राहिला. तो काढायला गोळा उघडावा लागला असता, आणि गोळा उघडला की आतलं बघावं लागलं असतं. दोन महिने मी ती शांत गाडी चालवली आणि काय झालं म्हणता? माझा स्वतःवरच विश्वास बसला. गाडी बरी झाली असं मला मनापासून वाटायला लागलं. दुसऱ्याला फसवायला केलेली गोष्ट आपल्याला इतकी मानवते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी सकाळीच बायकोने मला चौक गावी पिटाळलं होतं. “चढावर जायचंय, लग्नाचं पाणी आहे, माझ्या भावाला एकदा दाखवा,” म्हणाली. माझा मेव्हणा चौकला जुन्या हायवेवर गॅरेज चालवतो. माणूस असा, की स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून, टोक गाडीला टेकवून आतला आजार सांगतो. त्याने टँकर हायवेवर एकदा खाली-वर पळवला, टोक गोळ्याला टेकवलं, डोळे मिटले.

“मागचं ठीक हाय, दाजी. आवाज नाय.”

मी टपरीवर चहा पीत होतो. घशापर्यंत आलं होतं, खरं सांगतो. पण वीस वर्षं या माणसासमोर मी गाड्यांतलं सगळं कळणारा दाजी आहे. त्याच्यासमोर म्हणायचं, की बाबा रे, तू ज्याला ऐकतोयस तो माझा कोंडा आहे? मी चहाबरोबर ते गिळलं. वर बिस्कीटही खाल्लं.

तर आता ती बाय रस्त्यात उभी, मी गाडीखाली. गोळ्यावर बोटाने थुंकी लावली तर चर्र झालं. जळक्या तेलाचा वास आणि त्या वासात कुठेतरी लागलेल्या भाकरीचा वास.

“मेव्हण्याला विचारतो,” मी म्हणालो.

फोनला रेंज फक्त टँकरच्या टाकीवर उभं राहिल्यावर मिळत होती. मी शिडीने चढलो, झाकणाशेजारी उभा राहिलो. तिथून पहिलं वळण आणि त्याखालची दरी नको इतकी स्वच्छ दिसत होती.

“कट् कट् वाजतंय,” मी म्हणालो. “चढावर. तालात.”

“सकाळी तर मी ऐकलंय ना,” मेव्हणा म्हणाला. “गोळ्यात काय नाय. दांड्याचा जोड गेला असंल. किती ऱ्हायलंय?”

“दोन वळणं.”

“मग पहिल्या गिअरात टाका, मधी थांबू नका, हळूहळू वर न्या. उद्या मी येऊन जोड बदलतो.”

बघा, मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला होता. आणि तो बोलला होता माझ्या कोंड्याच्या जोरावर. हे मला त्या टाकीवर उभ्या उभ्या लख्ख कळत होतं. तरी मी खाली उतरताना मनाशी म्हणत होतो, मेकॅनिकच म्हणतोय वर ने, मग आपण कोण?

“काय बोल्ला?”

“ने म्हणाला वर.”

तिने पायरीवर पाय ठेवला, आत बसली, गाठोडं मांडीवर घेतलं.

मी इंजिन चालू केलं. पहिला गिअर टाकला. ब्रेक हळूच सोडत क्लच वर घेतला. गाडी थरथरली, पुढे यावं तसं केलं, आणि आत असा आवाज झाला की आजवर मी तो कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. कुणीतरी दाढ उपटावी तसा, पण ती दाढ माझी. गाडी मागे गेली. फार नाही, हातभर. टाकीतलं पाणी मागच्या पत्र्यावर धप्पकन आदळलं आणि त्याने गाडीला आणखी मागे रेटलं. धोंडे करकरले. उजव्या आरशात मला दिसत होतं, की उजवीकडचा धोंडा मातीत रुतत, सरकत चाललाय. त्याच्या मागे चार पावलांवर सागाचं झाड होतं आणि झाडामागे काही नव्हतं.

मी ब्रेक दाबला. नुसता दाबला म्हणणं कमी आहे. मी त्या ब्रेकमधून पाय खाली रस्त्यात घातला. गाडी थांबली. पाणी आत अजून पुढे-मागे हलत होतं, आणि प्रत्येक हेलकाव्याला गाडी जरा-जरा डोलत होती. एक, दोन, तीन. मग ते शांत झालं.

मी बायकडे पाहिलं. धरायला समोर दांडी होती. तिने ती धरली नव्हती. दोन्ही हात गाठोड्यावर होते.

मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. ती उतरली आणि तिने आणखी चार धोंडे आणून लावले. या वेळी मोठे.

मग मी पाना घेऊन खाली शिरलो आणि गोळ्याचं तेल भरायचं बूच उघडलं. बोट आत घालून बाहेर काढलं. आंबोळीच्या पिठासारखं काळपट काहीतरी, आणि त्यात चमचम. बोटावर हरभऱ्याएवढा लोखंडाचा तुकडा आला, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने ताजा तुटलेला. दात.

शेजारी सळसळ झाली. ती गाडीखाली आली होती, कोपरांवर रांगत. तिने माझ्या बोटावरचं ते पीठ स्वतःच्या अंगठ्यावर घेतलं, दुसऱ्या बोटाने चोळलं, नाकाशी नेलं.

“कोंडा हाय ह्यो.”

“गाडीचं तेल आहे गं ते.”

“तेलात कोंडा हाय. पाखडून पाखडून जलम गेला माजा.” पुन्हा चोळलं. “आन चाळलेला हाय.”

वीस वर्षं गाड्या उघडणाऱ्या माझ्या मेव्हण्याला जे कळलं नाही, ते हिला दोन बोटांत कळलं होतं. चाळणी किती बारीक, हेही बहुधा तिने सांगितलं असतं.

“गाडीला कोंडा कशापायी घातलास?”

गाडीखाली आडवं पडून खोटं बोलणं अवघड असतं. मान वळवायला जागा नसते.

“आवाज येऊ नये म्हणून.”

“मंग गेला आवाज?”

“गेला होता.”

“आन दुखनं?”

मी पुन्हा टाकीवर चढलो. मेव्हण्याला फोन लावला आणि सांगितलं. रेंज कमी, म्हणून ओरडून सांगावं लागलं. दोन महिने बायकोपासून लपवलेली गोष्ट मी त्या दरीला, सागांना आणि पलीकडच्या डोंगरावर गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला एकाच वेळी सांगितली. म्हाताऱ्याने गुरं थांबवली, असं मला वाटतं.

 मग मेव्हण्याचा आवाज आला, त्यात दाजी नव्हतं.

“किती दिस झालं?”

“दोन महिने.”

“सकाळी चहा पीत हुते तवा सांगायला काय झालं हुतं?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐका आता. गाडी वर न्यायची नाय. एक दात गेला, आता भार शेजारच्यावर हाय. वळणावर दोन-तीन एकदम गेले तर इंजिन गाडी धरणार नाय, पाच टन पानी नुसत्या ब्रेकवर ऱ्हाईल. आन तुमचे ब्रेक मी सकाळी बघितलेत. पानी सोडून द्या तिथंच. रिकामी गाडी दगडांवर उभी करा. त्या बाईला आत बसवू नका.”

“पाणी लग्नाचं आहे रे.”

“मग ठरवा तुमी,” म्हणाला आणि फोन ठेवला.

टाकीवर ऊन असं होतं की चपला पत्र्याला चिकटत होत्या. मी वर बघितलं. दोन वळणं. आंब्याच्या फांद्यांतून वाडीतल्या मांडवाचा पाला दिसत होता, हिरवा, नुकता घातलेला. खाली बघितलं तर मागचा नळ. तो पिरगाळला की पाव तासात सगळं पाणी रस्त्यावरून त्या सागाच्या बुडाशी गेलं असतं. बाया जे वाटीने भरतात ते.

आणि खरं सांगू? माझं मन अजूनही म्हणत होतं, जाईल. नदीपासून इथवर आली ना याच दातांवर? मग आणखी दोन वळणं काय? मी आयुष्यभर याच एका शब्दावर गाड्या चालवल्या आहेत. टायर गुळगुळीत, जाईल. डिझेलचा काटा शून्याखाली, जाईल. पुलावर पाणी, जाईल. आणि बहुतेक वेळा गेलेल्या आहेत, हीच तर पंचाईत आहे. मांडवासमोर टँकर उभा राहील, पोरं धावत येतील, मी केबिनमधून एक हात बाहेर काढून उतरेन, हे सगळं मला दिसत होतं. पाणी सोडून, मान खाली घालून वाडीत चालत गेलेला मी मात्र काही केल्या दिसत नव्हतो.

मी खाली उतरलो. ती चाकापाशी उभी होती, एक पाय धोंड्यावर ठेवून, जणू टँकर तिनेच धरलाय.

“सोडून दे म्हणतोय पाणी,” मी म्हणालो. “घाबरट आहे तो पहिल्यापासून. मी एकदा खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक नसलेली…”

“दादा.”

मी थांबलो.

“तुज्या गोष्टी उद्या मांडवात सांग. आता येवडंच सांग. जाईल का नाय वर?”

तिचं तोंड मला अजून दिसतं. रागावलेली नव्हती. तिला खरोखरच उत्तर पाहिजे होतं आणि ते सांगणारा त्या डोंगरावर मी एकटाच होतो. मी “जाईल” म्हणालो असतो तर ती विचारणार नव्हती, कशावरून.

मी बोटांवरचं काळं पीठ विजारीला पुसलं. 

“नाही जाणार,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली.

तिने नळाकडे बघितलं, मग वर. मग ती रस्ता सोडून चार पावलं चढावर गेली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक दिली. शब्द नव्हता त्यात. लांब एक उंच सूर आणि शेवटी तुटका हेल. पलीकडचा गुराखी पुन्हा थांबला. वर मांडवाच्या कडेला एक डोकं दिसलं, मग तीन, मग अख्खी वाडी.

रस्ता वळसे घेत जातो म्हणून दोन वळणं. पायवाट सरळ छातीवर चढते, ती जवळ. पाच मिनिटांत बाया हंडे-कळशा घेऊन उतरायला लागल्या. सवयीने. गडी मागून आले, नुसते बघायला. कुणी विचारलंसुद्धा नाही काय झालं. वरून हाक आली तर कारण काहीही असेल, खालून आली तर ते पाणीच, आणि पाण्याला बायांनी उतरायचं.

बायने नळाला पाठ लावली.

“बायांनी मागं व्हा,” ती म्हणाली. “आज गडी न्हेतील.”

पुढचं बोलणं त्यांच्या बोलीत झालं. ती मला अर्धीच कळते. पण हसू कळलं. बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर काढून. गडी एकमेकांकडे बघायला लागले. तिचा नवरा, नवरीचा बाप, दोन पावलं पुढे आला, काहीतरी म्हणाला. तिने भरलेला हंडा उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. त्याला मान कशी ठेवायची ते माहीत नव्हतं. चार पावलांत अर्धा हंडा त्याच्या पाठीवरून गेला.

“सरळ बघ,” खालून एक म्हातारी म्हणाली. “पायाकडं बघशील तर पानी बी पायाकडंच जाईल.”

मग सगळेच. कुणी खांद्यावर, कुणी बांबूला दोन्हीकडे कळशा बांधून, कुणी दोघांत एक. नवरदेवाकडचे दोन पाहुणे लुगडं घेऊन आधीच पोचले होते. त्यांनाही एकेक हंडा मिळाला. बाया वाटेच्या दोन्ही बाजूंना दगडांवर बसल्या आणि प्रत्येक जाणाऱ्याला नावं ठेवत राहिल्या. मी स्वतः सत्तर हंडे नेले. बरं, सात. सातव्याला माझे गुडघे मोरीच्या पायपासारखे वाजत होते आणि एक नववी-दहावीतली पोर मला म्हणाली, “काका, तुमच्यात पन कोंडा घाला.” म्हणजे बातमी माझ्या आधी वर पोचली होती.

पण खोटं कशाला सांगू? गडी पाण्याच्या कामाला नवे. सांडलं किती, त्याला माप नाही. दिवस मावळायला आला तेव्हा टाकी निम्मी भरलेलीच होती, आणि गडी मांडवात आडवे पडले होते. वर हळदीची गाणी सुरू झाली. मी टँकरपाशीच झोपलो. धोंडे हलतात का हे बघायला कुणीतरी पाहिजे होतं.

पहाटे जाग आली ती पावलांच्या आवाजाने. बाया उतरत होत्या, डोक्यावर रिकामे हंडे. सगळ्यात पुढे ती. लग्नाचं नवं लुगडं तिने गुडघ्यापर्यंत खोचलं होतं. नळ तिनेच उघडला. मी उठून बसलो, काहीतरी बोलायचं होतं. तिने हंडा भरला, चुंबळीवर ठेवला आणि चढाला लागली, आणि त्या हंड्यातून एक थेंब पडला नाही. नवरी मात्र त्यात नव्हती. मी मुद्दाम मोजून बघितलं, प्रत्येकीचे हात बघितले. हळदीचे हात त्यात नव्हते.

लग्न लागलं. जेवण झालं. दुपारी मेव्हणा चौकहून नवी जोडी घेऊन आला, रिकाम्या टँकरखाली गोणपाट टाकून गोळा उघडला. पिनियनचे तीन दात पार गेले होते, चौथा मुळाशी चिरलेला. त्याने ते चक्र माझ्या हातावर ठेवलं, चिरेवर नख फिरवलं, मग वरच्या वळणाकडे बघितलं.  आतला कोंडा त्याने एका डब्यात काढला आणि तो डबा, सील लावून, माझ्या बायकोला नेऊन दिला.

चौकच्या टपरीवर मी ही गोष्ट आता पुष्कळ वेळा सांगितली आहे. एका आवृत्तीत टँकर दरीत अर्धा लोंबकळतो. एकीत मी त्याला खांदा देतो. लोक हसतात, चहा सांगतात, आणि मी कुणाला तो सागामागचा मोकळा भाग सांगत नाही.

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती. लावणीला ती माझ्या शेतावर आली तेव्हा मी बांधावर उभा राहिलो. ती वाकून रोपं खोचत मागे-मागे सरकत होती, शेजारी आणखी चौघी. मी छत्री मिटली, उगाच घसा साफ केला.

“बाय, त्या दिवशी मी जाईल म्हणालो असतो तर?”

तिने हातातली मूठ संपवली, दुसरी उचलली, सुतळी सोडली.

“बसले असते,” ती म्हणाली. “दुसरी गाडी नव्हती.”